सवतीच्या मानाचा हार

जळगाव जामोदच्या बसस्टँडबाहेर गीताबाईंचं फुलांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं बांगड्यांचं. नवरी आधी माझ्याकडे चुडा भरते, मग त्यांच्याकडे फुलं बघते. गीताबाई बोलायला तिखट. फूल दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतात, "वांगं नाही हाये बाई ते."

त्यांची एकुलती एक लेक अपेक्षा. संग्रामपूरच्या हर्षलला दिली होती. मूल होईना म्हणून सासूनं एका दुपारी हातात पिशवी देऊन तिला एसटीत बसवून दिलं. पुढे कोर्टात सोडचिठ्ठी झाली. हर्षल तिथे मान खाली घालून मोबाइल बघत बसला होता. तेव्हापासून अपेक्षा दुकानात मागे बसून हार ओवते आणि गीताबाई त्या घराच्या नावानं बोटं मोडतात. "दुसरा मांडव टाकू दे त्याले, मी जाऊन थुकतो की नाही पाह्य," म्हणायच्या. मी त्यांना कधी आवरलं नाही. उलट दोन-चार शिव्या मीही पुरवल्या.

यंदाच्या लग्नसराईत वाशीमकडची एक नवरी आली, लग्न इकडे नवरदेवाकडेच होतं म्हणून. प्रतीक्षा तिचं नाव, सोबत आई. चुडा भरून दोघी गीताबाईंकडे वळल्या. पोरीला हातात धरायला बुके हवा होता.

"लाल गुलाब नको मावशी, ते सगळ्याच नेतात. जरबेरा लावा."

"जरबेरा फोटोपुरता. ना वास, ना काही. गुलछडी घे माय, मधात फिक्के गुलाबी गुलाब."

पोरीनं एकेक दांडी स्वतः निवडली. मला ती आवडली. मग तिच्या आईनं आवाज खाली घेतला.

"आखीन एक हार पायजे, सवतीच्या मानाचा. जवाई बिजवर हायेत, पहिली वारली. तिचा मान आमच्या घरून गेल्याबिगर पोरीले हळद लागत नाही. पण तिले फूल कोणतं आवडे, कोणाले इचारावं? संग्रामपूरले हर्षलरावाले इचारलं, तर ते उठूनच गेले."

गीताबाईंचा हात थांबला. मागे अपेक्षाची सुईही थांबली. माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. जित्या पोरीला मारून टाकलं मेल्यांनी!

"पांढरी शेवंती," गीताबाई म्हणाल्या. "मोगरा नका घेऊ. मोगऱ्यानं तिचं डोकं दुखते."

प्रतीक्षानं मान वर केली. "दुखते म्हणता? की दुखत होतं?"

मी गीताबाईंना डोळ्यांनी खुणावलं, सावरून घ्या म्हणून. आत्ता गप्प राहिलं तर भर मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याची अब्रू काढता आली असती. त्यांच्याही मनात तेच आलं असणार, कारण त्या दोरा उगाच बोटाला गुंडाळत राहिल्या. पण समोर ती पोर उभी होती, निवडलेल्या दांड्या छातीशी धरून.

"दुखते," त्या म्हणाल्या. "आज सकायीच दुखलं. अपेक्षा, ये वं समोर."

अपेक्षा आली. पदराला पाकळ्या चिकटलेल्या.

"हे पाह्य माय. हेच ते वारलेली."

नवरीची आई माझ्या स्टुलावर मटकन बसली. प्रतीक्षा मात्र उभीच होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मी तुमच्या फोटोच्या पाया पडली ताई. त्यायच्या बैठकीत लावला हाये."

"कोणता? निळ्या साडीतला?"

"हाव."

"तो बरा हाये," अपेक्षा म्हणाली आणि हसली. माहेरी आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू काही चांगलं नव्हतं, पण मला गोड लागलं.

प्रतीक्षानं फुलं ओट्यावर ठेवली. "मावशी, बुके राहू द्या. मानाचा हार तेवढा करा. आम्ही आत्ताच्या आत्ता संग्रामपूरले जातो. ताई, तुम्ही येता?"

"शबाना, दुकान पाह्यजो," गीताबाई मला म्हणाल्या.

"मी काय चुडे भरत बसू इथं?" मी म्हटलं आणि शटर ओढलं.

गीताबाईंनी शेवंतीची पाटी पुढे घेतली, दोरा सोडला. "फोटोच्या मापाचा करू?"

"नाही," अपेक्षा म्हणाली. "हर्षलच्या गळ्याच्या मापाचा कर."