गोदावरीत उतरू शकणारं विमान

तमाम नांदेडकरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, जुन्या पुलाच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रात, कॅटालिना जातीचं विमान सप्टेंबर ते जानेवारी सुखरूप उतरू शकतं. मार्चनंतर उतरल्यास जबाबदारी ज्याची त्याची.

हा शोध माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि विमानात आयुष्यात बसले नाहीत.

रविवारी दुपारी केबलवाला जुने इंग्रजी युद्धपट लावायचा. संवाद कळत नसत. नायक जगला की मेला, याचं आम्हाला सोयरसुतक नव्हतं. आम्ही बापलेक वाट बघायचो ती पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची. रद्दीच्या दुकानातून अण्णांनी अशा विमानांचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. विमान दिसलं की ओळखायचं. पण नुसतं नाव चालत नसे, तीन खुणा सांगाव्या लागत. पंख पाठीपासून उंच, खांबावर तोललेला, कमरेला दोन्हीकडं काचेचे फुगे, इंजिनं दोन, म्हणजे कॅटालिना. पोट दुमजली आणि इंजिनं चार, म्हणजे संडरलंड. पायाखाली दोन होड्या बांधून उतरणारं विमान अण्णांच्या हिशेबात नव्हतंच. "ते चपला घालून पाण्यात शिरलंय," म्हणायचे. "खरं ते, जे पोटावर बसतं."

आई गहू निवडता निवडता म्हणायची, "उडतं तर विमान म्हणा, तरंगतं तर नाव म्हणा. एक कायतरी ठरवा."

मग मला दहावीला बरे मार्क पडले आणि घात झाला. बरे मार्क पडलेलं पोर लातूरला क्लासला धाडायचं, असा तेव्हा रिवाज होता. भूकंप होऊन दोन वर्षं झाली होती. स्लॅबखाली झोपायची छाती होईना म्हणून लोकांनी अंगणात पत्र्याच्या शेडी उभ्या केल्या होत्या. भीती ओसरली तशी माणसं घरात गेली आणि शेडीत आम्ही क्लासवाली पोरं आलो. अण्णा सोडायला आले तेव्हा त्यांनी छतावर टकटक करून पाहिलं. "पत्रा बरा," म्हणाले. "अंगावर पडला तरी माणूस उठतो." आणि एसटी गाठायला निघून गेले.

लातुरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. विमानाचं सोडा, तांब्या उतरायची पंचाईत. पण दर बुधवारी अण्णांचं पोस्टकार्ड यायचं. त्यावर निळ्या बॉलपेननं रविवारच्या विमानाचा एकच अवयव काढलेला असे. कधी शेपूट, कधी पंखाचं टोक. खाली एक ओळ : 'ओळख. तीन खुणा लिही.' तापलेल्या पत्र्याखाली बसून मी उलट टपाली कार्ड लिहायचो. तेवढा वेळ मी नांदेडात असायचो, अण्णांच्या खाटेवर, डाव्या बाजूला.

बारावीच्या वर्षी परीक्षा अंगावर आल्या. क्लासात एकच मंत्र होता : कारणात वेळ घालवू नका, दोन पर्याय उडवा, उरलेल्यातला एक काळा करा. एका कार्डात मी लिहिलं, 'अण्णा, तुम्हीपण चार पर्याय देत जा. वेळ वाचतो.'

पुढच्या कार्डावर चित्राखाली सुबक अक्षरात अ, ब, क, ड होतं. मी उत्तर पाठवलं : 'ब.'

उत्तर बरोबर होतं. त्यानंतर कार्ड आलं नाही.

एक बुधवार गेला, दोन गेले, पाच गेले. पोस्टमनच्या वेळेला मी फाटकात उभा. घरमालकीणबाईंनी एकदा विचारलंच, "कुणाच्या पत्राची वाट बघायलास रे?"

"वडलांच्या."

"आगं बया. तोंडावरून मला वाटलं, पोरगी हाय."

आज फोनवर हवं ते विमान थांबवून, मोठं करून बघता येतं. मी बघतोही. पहिली खूण मनात म्हणतो, दुसरी म्हणतो, आणि तिसरीला डावीकडं सरकून बसतो. शेजारी कुणी नसतं. तेव्हा निदान अण्णांकडं जायला एसटी तरी होती. सहाव्या रविवारी मी टेस्ट बुडवली आणि अहमदपूर, लोहा करत दुपारी घरी पोचलो.

अण्णा खाटेवर होते. टीव्ही चालू होता. पुस्तक मात्र कपाटावर, धुळीत.

"टेस्ट नाही का आज?"

"आहे."

मी डाव्या बाजूला बसलो. हा खेळ आता कायमचा संपला की काय, एवढीच मला धास्ती होती. इतक्यात पडद्यावर समुद्र आला आणि ढगातून ते खाली आलं. खांबावरचा पंख, काचेचे फुगे, दोन इंजिनं. आमच्या आईनंही ओळखलं असतं. अण्णा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

तीन खुणा माझ्या जिभेवर होत्या. एसटीत माफीची दोन वाक्यंही जुळवली होती. पण बरोबर उत्तर त्यांना एकदा देऊन झालं होतं, आणि त्याचं काय झालं ते मी पाच बुधवार भोगलं होतं. मी मांडी ठोकून, क्लासातल्या पहिल्या नंबरच्या पोराच्या थाटात जाहीर केलं, "संडरलंड. पर्याय क."

आईचा सुपातला हात थांबला. विमानाचं पोट पाण्याला टेकलं. अण्णा खाटेवरून ताडकन उठले.

"दोन इंजिनांचं संडरलंड? हेच शिकून राहिला का रे लातुरात?"