खुर्चीला कुलूप

मागच्या शिमग्याला मी सहाणेवर एकटी गेले होते. गावदेवीची पालखी बसते तो ओटा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण पाय गेल्यापासून दर वर्षी मला कुणीतरी उचलून न्यायचं आणि अख्खा गाव बघायचा. बॅटरीची खुर्ची आली आणि मी आपली आपण जाऊन देवीची ओटी भरली. कुणाच्या गळ्यात हात टाकावा लागला नाही.

यंदा शिमगा आठ दिवसांवर आला आणि खुर्ची बंद पडली. कंपनीला फोन केला तर म्हणे पुण्याहून माणूस येईल, कधी ते सांगता येत नाही. मग बाबांनी ती टेम्पोत घालून पोलादपूरला नेली, शेतीपंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे. मीही सोबत गेले. त्यानं झाकण उघडलं, तुटलेली वायर सोल्डर मारून जोडली. एवढंच दुखणं! पण बटण दाबलं तर खुर्ची नुसती टूं टूं करते, लाल दिवा लावते आणि जागची हलत नाही.

"ताई, वायर बरी हाय," तो म्हणाला. "आतून कुलूप घातलंय कंपनीनं. त्यांच्याच मोबाईलवरनं निघतंय ते."

आता आमच्या बाबांचा भोळेपणा बघा. आमच्याकडे पंप दुरुस्त झाला की कारागिराचं कौतुक चारचौघांत सांगायची रीत. बाबांनी ते थेट कंपनीलाच फोनवर सांगितलं, "आमच्या मानसानं केली बरी, तुमी फक्त कुलूप काढा."

"बाहेर उघडलीत? मग वॉरंटी संपली, सर."

माझं डोकंच सणकलं. फोन हिसकावून घेतला. "खुर्ची माझी की तुमची?" पलीकडे गाणं वाजायला लागलं.

शिमग्याच्या सकाळी चुलतभाऊ दारात हजर. "चल गो, उचलतो तुला. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! पालखी मग घरी येणारच हाय, अशी आईनं समजूत घातली. येते ना, दर वर्षी येते. पण मला जायचं होतं. मी कुणालाच हात लावू दिला नाही. शेवटी आईनं माझी ओटी नेली. मी ढोल ऐकत घरात बसले आणि संतापानं रडले.

पंधरा दिवसांनी, आमच्या पहिल्या तक्रारीवर, कंपनीचा माणूस उगवला. तोवर पालखी देवळात गेली होती, चाकरमानी मुंबईला परतले होते. त्यानं खुर्चीला मोबाईल जोडला, बोट दोनदा फिरवलं. आमच्या कारागिराची वायर उघडून बघितलीसुद्धा नाही. खुर्ची चालू.

"घ्या मॅडम, चालवून बघा. कुठं जायचंय?"

"आता कुठं नाय," मी म्हटलं.