आईला वेड लावणाऱ्या गोळ्या

फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. धोतरा पोटात गेला तर काय होतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देते. तोंडाला कोरड, अंग गरम नि लाल, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर मोठ्या, लघवी तुंबलेली आणि तोंडाची अखंड बडबड. माझ्या सख्ख्या आईची तीच गत झाली, आणि तीसुद्धा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांनी! आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आई दादाकडे राहायची, सिल्व्हर पार्कला. मी एकटी, कमावती, काशीमीऱ्याला हाकेच्या अंतरावर. पण आईने राहायचं ते मुलाकडेच. ती लेकीच्या घरी गेली तर दादाचं नाक कापलं जाणार ना! वन बीएचके, घरात पाच माणसं, संडास एक. आईला सारखी लघवीला लागायची आणि ऑफिसच्या घाईत वहिनी दार वाजवायची. मग वहिनीनेच डॉक्टरांना सांगून लघवी धरून ठेवायची गोळी सुरू केली. म्हातारीची लघवी बांधली, कशासाठी? तर बाकीच्यांना वेळेवर निघता यावं म्हणून.

ती गोळी काय करते ते सांगते. नसा शरीराला निरोप धाडतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. तो निरोप घेणाऱ्या जागांना मस्करिनिक रिसेप्टर म्हणतात. गोळी त्या जागा अडवून बसते. मूत्राशय शांत होतं, पण लाळ, आतडी, डोळे यांच्याकडेही त्याच जागा आहेत. मेंदूतही आहेत, आणि आठवण त्यांच्यावर चालते. मूत्राशयापाशीच थांबायचं, हे गोळीला कोण सांगणार?

आईचं तोंड सुकलं, भाकरीचा घास गिळवेना. वहिनी म्हणाली, "नखरे." अंगाला खाज सुटली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ॲलर्जीची जुन्या पिढीतली गोळी दिली. झोप उडाली तेव्हा तिसऱ्यांनी झोपेची म्हणून एक जुनी डिप्रेशनची गोळी दिली. या दोन्हीही त्याच जागा अडवणाऱ्या. आधीचं काय चालू आहे विचारलं की आई म्हणायची, "बीपीची घेते." लघवीची गोळी घेते हे परपुरुषासमोर बोलायची तिला लाज वाटायची, आणि खोदून विचारायला डॉक्टरांना वेळ नव्हता.

मला यातलं कोणी काही कळवलं नाही. फोन केला की दादा म्हणायचा, "बरी आहे, वय झालंय."

एका रविवारी गेले तर आई चादरीवरून नसलेले दोरे वेचत होती आणि मेलेल्या मावशीला चहा घे म्हणत होती. दादा तिच्या उशाशी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "वेड लागलंय तिला. वृद्धाश्रमात खोली बघितलीये. एक तारखेला नेऊन सोडतोय."

मी आईच्या कपाळाला हात लावला. गरम, कोरडं ठक्क. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, काळ्याभोर मोठ्या, आणि ओरडले, "हिच्या सगळ्या गोळ्या आण आधी!"

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही रे बाबा, मी नुसती शिकलेय! तू रिक्षा बोलाव!"

हॉस्पिटलात नळी घालून तुंबलेली लघवी काढली. तिथल्या डॉक्टरांनी तिन्ही गोळ्या बंद केल्या. काही दिवसांत दोरे गेले, मावशी गेली, आणि एका सकाळी आईने माझ्याकडे पाहून विचारलं, "केस का गं विंचरले नाहीस?" मी तिथेच ढसाढसा रडले.

घरी सोडायच्या दिवशी दादा आला, अगदी गोड चेहरा करून. "चल आई, आपल्या घरी."

आई पदर सारखा करत उठली. "मला वेड लागलं होतं, पण कान शाबूत होते रे. तू उशाशी उभा राहून बोललास ते सगळं ऐकलं मी."

आईने माझा हात धरला.

"मी हिच्याकडे राहते. लोकांनी विचारलं तर सांग, आईचं वेड अजून गेलं नाही."