जुन्या जागेची धग

असले अनुभव मी वाचते आणि सोडून देते... मी गारखेड्यात राहते, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, घरात देवापुढं दिवासुद्धा आईच लावते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय.

आईला पेसमेकर बसवला होता, डाव्या खांद्याखाली. काही दिवसांत वरची कातडी लाल झाली, खाज सुटली. जखम चिघळली नव्हती. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, मशीनच्या धातूचीच ॲलर्जी आहे. फार क्वचित कुणाला असते. मग ते काढलं आणि उजव्या बाजूला दुसरं बसवलं. त्याला खास कोटिंग होतं, धातू शरीराला लागूच नये म्हणून. खाज गेली. आई नीट झोपायला लागली.

जुनं मशीन मी मागून घेतलं होतं, वर्गात दाखवायला. ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि विसरले.

पुढं थंडी संपता संपता एका रविवारी सकाळी आई मेथी निवडत बसली होती. एकदम तिनं छातीची डावी बाजू धरली. मी धावले, नाडी बघितली – व्यवस्थित होती.

"दुखत नाय," ती म्हणाली. "भाजतंय. जुन्या जागेवर."

मी हात लावला. व्रणाची तेवढी जागा खरंच गरम होती... ताप असल्यासारखी नाही, चुलीजवळ बसल्यासारखी. जुनं मशीन कुठंय, असं तिनं विचारलं. मी ड्रॉवर उघडला. रिकामा.

"दादाला फोन लाव. म्हणावं, तिथून हल."

दादा म्हणजे माझे मामा. खुलताबादकडं त्यांची शेती आहे, आठवड्यापूर्वीच येऊन गेले होते. मला वाटलं, आईला भ्रम होतोय. तरी लावला. उचलला नाही. परत लावला. मामा "हॅलो" म्हणाले आणि पलीकडं धाडकन आवाज झाला. मग नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

धापा टाकतच त्यांनी सांगितलं. बहिणीला एवढं छळणारी वस्तू घरात नको, म्हणून मशीन त्यांनीच गुपचूप खिशात घालून नेलं होतं. त्या सकाळी शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या, वाळलेल्या काड्या, पेटवल्या आणि त्यात टाकलं. काठीनं जाळ सारखा करत उभे होते. फोन लांब बांधावर होता. पहिल्यांदा वाजला तर त्यांनी कंटाळा केला, दुसऱ्यांदा गेले. जाळाशेजारचा पाण्याचा ड्रम आरपार फाटला होता. "मी तिथंच उभा व्हतो, पोरी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पेसमेकरची बॅटरी आगीत फुटू शकते. तेवढं मी फळ्यावर समजावून सांगेन. पण मशीन मामांकडं आहे हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जुन्या व्रणाच्या नसा कधीकधी असं करतात. असेल... पण नसांना मामांचं नाव कसं कळलं? आईला विचारलं तर म्हणते, "तोंडात त्याचंच आलं."

नवीन मशीन आत आहे हे आईला जाणवतसुद्धा नाही. पण कधी टीव्ही बघता बघता तिचा हात डावीकडं जातो, त्या रिकाम्या जागेवर, आणि तिथंच थांबतो. मी विचारते, काय झालं?

"काय नाय," ती म्हणते. "गार हाय."