आत लावलेली चिठ्ठी

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा ते मी नको तिथे लिहिलं होतं, आणि त्याचे परिणाम त्याने भोगले.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. भाडं परवडायचं म्हणून आम्ही शारजात राहायचो आणि माझं ऑफिस दुबईत होतं. सकाळी दीड तास गाडीत बसून पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाठ करायची, संध्याकाळी तेच उलट दिशेने. ऑफिस छोट्या जाहिरातींच्या एका पेपरचं होतं. फ्लॅट भाड्याने देणे, जुनी गाडी विकणे, पासपोर्ट हरवला, असलं सगळं त्यात यायचं. पेपर कागदावर निघायचा आणि मी त्याची वेबसाइट सांभाळायचो. हुद्दा वेबमास्टर. पुण्यात आमच्या आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की मुलगा दुबईला शाळेत मास्तर आहे, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

वेबसाइटवर जुन्या जाहिरातींचा मोठा साठा होता. प्रत्येक जाहिरातीला वेगळं पान आणि पानावर जेमतेम दोन ओळी. आधी या पानांच्या पत्त्यात नुसते आकडे असायचे. पत्त्यातच मजकुरातले मुख्य शब्द घातले की सर्च इंजिन खूश होतं, असं मी कुठेतरी वाचलं आणि एका दुपारी सगळे पत्ते बदलून टाकले. फ्लॅटच्या पानाच्या पत्त्यात फ्लॅट आणि शारजा आलं. कंपन्यांच्या नोटिसांच्या पत्त्यात माणसाचं नाव आणि नोटिशीचा प्रकार आला. हे सगळं प्रोग्रामने आपोआप केलं आणि मी स्वतःवर भलताच खूश होऊन चहा प्यायला गेलो.

या नोटिसा काय असायच्या ते सांगायला हवं. कामगार कामावर यायचा बंद झाला की कंपनी पेपरात त्याचा फोटो छापायची. हा इसम आता आमच्याकडे नाही, त्याच्याशी कुणी व्यवहार केला तर आम्ही जबाबदार नाही. फोटोवर ठळक अक्षरांत एक इंग्रजी शब्द असायचा, ॲबस्कॉन्डिंग. असे इतके फोटो माझ्या हाताखालून गेले होते की मी चेहऱ्यांकडे बघणंच सोडून दिलं होतं.

एक दिवस खालून रिसेप्शनवाल्याचा फोन आला. "आपका गाववाला आया है."

गाववाला चिपळूणकडचा निघाला. पंचेचाळिशीचा, जबल अलीत पाइप फिटर, इस्त्री केलेला शर्ट घालून आलेला. हातात आमच्याच वेबसाइटच्या एका पानाचा प्रिंटआउट, चार घड्या घातलेला. त्याने तो टेबलावर पसरला आणि त्या ठळक शब्दावर बोट ठेवलं.

"साहेब, याला मराठीत काय म्हणतात?"

"गैरहजर," मी म्हणालो.

"भाच्याने फरार सांगितलं."

फरार म्हणजे आपल्याकडे पोलीस ज्याच्या मागावर असतात तो. भाच्याने बरोबर सांगितलं होतं, आणि मी बोलायला सुरुवात केल्या केल्या खोटं बोललो होतो.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी त्याला टायफॉइड झाला आणि तो तीन आठवडे सरकारी हॉस्पिटलात पडून होता. निरोप कामगार राहतात त्या कॅम्पपर्यंत पोचला, पण कॅम्पमधून कंपनीच्या ऑफिसपर्यंत पोचला नाही. कंपनीने नोटीस छापली. हा बरा होऊन परत आला, हॉस्पिटलचा कागद दाखवला, कंपनीने नोटीस मागे घेतली आणि त्याला कामावर ठेवलं. आमच्या पानावर खाली बारीक अक्षरांत तशी ओळही होती. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

आता त्याच्या कंपनीचं काम आटोपलं होतं आणि महिन्याभराने व्हिसा संपत होता. त्याला दुसऱ्या कंपनीत जागा मिळण्यासारखी होती. मेंटेनन्सचं काम, आणि दोन वर्षांऐवजी दर वर्षी सुट्टी. लेक दहावीत होती. तो म्हणाला की गेल्या अकरा वर्षांत मी तिला पाच वेळा बघितलंय. पण त्या कंपनीतल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर त्याचं नाव घालून पाहिलं आणि आमचं पान वर आलं, पत्त्याखाली पानातल्या ओळींसकट. खालची ओळ वाचून मॅडमचं समाधान झालं होतं. "पर अंकल, मॅनेजर भी देखेगा," असं मात्र त्यांनी सांगितलं होतं.

"पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तेवढं पान काढता येईल का, साहेब? चूक असती तर आलो नसतो."

पान पुसून टाकायची मला परवानगी नव्हती. छापलेली जाहिरात साठ्यात राहिलीच पाहिजे असा नियम होता. पण ते सर्च इंजिनपासून लपवता येत होतं, आणि गंमत म्हणजे तेच काम त्या आठवड्यात माझ्याकडे आलेलं होतं. आमचा लेबनीज मॅनेजर वैतागला होता. लोक फ्लॅट शोधतात आणि त्यांना आपली ही दोन ओळींची पानं मिळतात, असं त्याचं म्हणणं. "हबीबी, क्लीन इट. यल्ला!"

"काळजी करू नका," मी त्या माणसाला म्हणालो. "दोन-चार दिवसांत खलास."

हे काम करायच्या दोन रीती होत्या. सर्च इंजिनचा एक प्रोग्राम सगळ्या वेबसाइटींवर फिरून पानं वाचतो, त्याला आम्ही रोबोट म्हणायचो. पहिल्या रीतीत पानाच्या आत, वाचकाला न दिसणारी एक चिठ्ठी लिहायची की हे पान तुमच्या यादीत घेऊ नका. दुसऱ्या रीतीत वेबसाइटच्या फाटकावरच पाटी लावायची की अमुक भागात आत येऊ नका. मी आधी सगळ्या जुन्या पानांत चिठ्ठी घातली. आणि मग, माझा मूळचा आगाऊ स्वभाव, आणखी पक्कं व्हावं म्हणून फाटकावर पाटीही लावली. माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडून चिठ्ठी जागेवर आहे एवढं पाहिलं आणि त्याला फोन केला. झालं काम.

दुसऱ्याच दिवशी तो परत आला. बायकोने गावाहून पाठवलेली फणसपोळी पिशवीत घालून आणली होती. मी नको नको म्हणत ठेवून घेतली. घरी मुलीने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाबा, इट्स सो च्युई." उरलेली मीच संपवली, आणि अगदी आवडीने.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसात त्याचा फोन आला. त्या नव्या कंपनीचा मॅनेजर नाही म्हणाला होता.

"मॅडम म्हणतात, नाव अजून येतंय. पण मागे घेतल्याची ओळ आता नाही दिसत. नुसतं माझं नाव आणि तो शब्द. उघडून बघायला कुणाला वेळ असतो, म्हणाल्या. असं कसं झालं, साहेब?"

मी रिसीव्हर खांद्याला धरून त्याचं नाव टाइप केलं. सगळ्यात वर आमच्या पानाचा पत्ता आला. नुसता पत्ता, खाली एक अक्षर नाही. त्या पत्त्यात त्याचं नाव, आडनाव आणि ॲबस्कॉन्डिंग, मीच घातलेले.

काय झालं ते मला मिनिटभरात कळलं. रोबोट आज्ञाधारक असतो. फाटकावरची पाटी वाचून तो बाहेरूनच परत गेला होता, त्यामुळे आतली चिठ्ठी त्याने वाचलीच नाही. पत्ता त्याला इतर पानांवरून ठाऊक होता, म्हणून त्याने यादीत तेवढाच ठेवला. मी काहीच केलं नसतं तर निदान ती बारीक अक्षरांतली ओळ तरी दिसली असती. नुसती चिठ्ठी घातली असती तर ते पान केव्हा ना केव्हा गेलं असतं. मी दोन्ही केलं आणि त्या माणसाच्या बाजूने बोलणारी एकुलती एक ओळ घालवून बसलो.

हे त्याला सांगायला हवं होतं. कदाचित त्याच्याबरोबर जाऊन त्या मॅनेजरला भेटायला हवं होतं, माझी चूक आहे असं लिहून द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "सर्च इंजिनला वेळ लागतो हो. आपल्या हातात नसतं ते."

"असू दे, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही एवढं केलंत. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं." मग म्हणाला, "फणसपोळी चांगली होती ना?"

मी हो म्हणालो. आजही तो प्रश्न आठवला की मला माझी शरम वाटते.

पाटी मी त्याच दिवशी काढली. रोबोटला परत यायला पाच आठवडे लागले. तोवर मी रोज ऑफिसात गेल्या गेल्या आधी त्याचं नाव टाइप करायचो, आणि तो पत्ता वरच असायचा. मग एका सकाळी तो नव्हता. ही बातमी द्यायला मी कॅम्पच्या नंबरवर फोन लावला. उचलणारा म्हणाला, "वो तो एक्झिट गया, भाई. पिछले हफ्ते." म्हणजे व्हिसा बंद करून कायमचा परत. गावचा नंबर त्याच्याकडे नव्हता, आणि मीही कधी विचारून घेतला नव्हता.

पुढे कित्येक वर्षं मी ते नाव घालून बघत आलो. मला त्याला खरं काय झालं ते सांगायचं आहे, बाकी काही नको. पण समोर काही येत नाही. अकरा वर्षं तो त्या देशात होता, आणि त्याचं नाव असलेलं एकच पान होतं. ते मी इतकं चोख लपवलं की आता मलाच तो सापडत नाही.