न विचारता उडणार नाही

देवळीच्या स्टँडवर उतरले तेव्हा खांद्याच्या पिशवीत ड्रोन होता आणि डोक्यात कपाशीची शेतं. बोंडं फुटलेलं पांढरं रान वरून कसं दिसतं, एवढंच मला टिपायचं होतं. मामाच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं.

गरम सांभारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी) पुढ्यात ठेवून त्याने बेत सांगितला. त्याच्या मुलीला, सोनलला, तळेगावचं स्थळ आलं होतं. भलीमोठी संत्र्याची बाग, पक्कं घर, असं मध्यस्थ सांगत होता. मुलीचा बाप घर पाहायला गेला की त्याला बैठकीत बसवून पोहे देतात. मागचं दार कोणी दाखवत नाही.

"तू वरून पाहून घे," मामा म्हणाला. "बाग हाये का नाई, घरामांगं काय हाये. त्यायले पत्ताबी नाई लागत."

"नाही उडवणार."

"काऊन? परवाना नाई का?"

पाव किलोच्या आतला ड्रोन हौसेने उडवायला परवाना लागत नाही, आणि सरकारी नकाशात तो भाग हिरवा, म्हणजे मोकळा आहे. पण खालचं अंगण कोणाचं तरी असतंच. खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि न्हाणीतल्या बाईचं चोरून चित्रण म्हणजे सरळ गुन्हा. हे सगळं मी मामाला ऐकवलं.

"एवढ्याशा भिंगरीले एवढा कायदा!" मामा फुरंगटला. फुरंगटो बापडा, मी बधणार नव्हते.

तेवढ्यात सोनल स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी जातो ताईसंगं. समोरच्या दारातून जातो."

लग्नाआधी मुलीने मुलाच्या घरी जाणं म्हणजे आमच्याकडे आक्रीतच. मामा ओरडत राहिला, तोवर हिने चपला घातल्यासुद्धा. मला तिचा इतका अभिमान वाटला की उरलेल्या वड्या मी डब्यात भरून घेतल्या.

वर्धा, आर्वी करत बस तळेगावला पोचली. मुलाची आई अंगणात संत्री निवडत होती. सोनलने नाव सांगितलं आणि म्हणाली, "काकू, घर पाहाले आली."

काकू हसल्या. "बरं केलं. राहाचं तुले हाये, बापाले नाई."

मी ड्रोनसाठी परवानगी मागितली.

"उडव नं. पन न्हाणीकडं नको नेजो, तिले छत नाई. अन् शेजाऱ्यायले विचारजो."

डावीकडच्या शेजाऱ्यांनी मान डोलावली, उजवीकडच्या आजींनी साफ नाही म्हटलं. त्यांचं घर टाळून मी बागेवर गेले. पडद्यावर अर्धी बाग हिरवी, अर्धी वाळलेली.

"अर्धी बाग वाळली म्हून मध्यस्थाले सांगतलं होतं म्या," काकू म्हणाल्या. "त्यानं तुमाले नाई सांगतलं काय?"

परतताना सोनल खिडकीबाहेर बघत बसली. जे चोरून पाहायचं होतं ते त्या बाईने विचारताच दाखवून टाकलं होतं. आधी विचारा, हेच तर कायदाही सांगतो. मामाला आता पुन्हा ऐकवायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

मामा दारातच उभा होता. "बाग हाये नं?"

"अर्धी वाळलीय," मी म्हणाले.

"चालते, अर्धी का होईना. होकार कळवून टाकतो."

सोनलने पायरीवरच त्याला अडवलं.

"बाबा, काकूले विचारलं, शेजाऱ्यायले विचारलं, तवा ते यंत्र उडलं. अन् मले?"

मामाने खिशातून काढलेला फोन तसाच परत खिशात ठेवला.