बारा मिनिटांचं इंजिन

माझ्या थोरल्या दिरांएवढा इंजिनावर जीव टाकणारा आणि माणसांना जीव नकोसा करणारा माणूस पनवेलपासून कर्नाळ्यापर्यंत शोधून सापडणार नाही. पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन दिसलं की ते विरघळतात, मग ते ओढ्यातलं पाणी खेचणारं असो, गवत कापायचं असो की मांडवातल्या जनरेटरचं असो. त्याला ते ‘बाय’ म्हणतात. ‘काय झाला गो बाय माजे?’ असं विचारत त्याच्या अंगावरून हात फिरवतात. धाकट्या भावाच्या बायकोशी, म्हणजे माझ्याशी, मात्र लग्नाला बावीस वर्षं झाली तरी एक सरळ शब्द बोललेले नव्हते. आमच्यात थोरला दीर सासऱ्याच्या जागी. त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि गप्प राहायचं. अगदी बोलायचंच झालं तर मधे कुणीतरी लागतं. ते माझ्या नवऱ्याला म्हणणार, ‘तिला सांग, पाना दे.’ मी हातभर अंतरावर उभी, पाना माझ्याच हातात. नवरा मान वळवून म्हणणार, ‘अगो, पाना दे.’ मी पाना नवऱ्याला देणार, नवरा त्यांना देणार. कधी नवरा घरी नसला तर ते शेळीला सांगतात. ‘चहा मिळंल का जरा?’ असं शेळीला विचारतात आणि चहा मी आणते.

कानावर त्यांचा फार भरवसा. ‘माजा कान म्हंजे डॉक्टरची नळी,’ असं ते सगळ्या गावाला ऐकवत आलेत. एकदा नात्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते पाहुण्यांमधून उठले, मांडवामागे गेले आणि जनरेटर बंद करून त्याचे नट सोडायला बसले. पंखे थांबले, माईक बंद पडला, भटजी घसा ताणून ओरडायला लागले, नवरीच्या कपाळावरून घामाचे ओघळ आले. नवरीचा बाप धावत आला तर हे वर न बघता म्हणाले, ‘नवरा-नवरी कुठं पळून चालली नाय. पिष्टन घासत व्हता.’ सगळं लग्न त्या पिष्टनासाठी थांबलं होतं. आणि पिष्टन खरंच घासत होता म्हणे. म्हणूनच लोक त्यांना काही बोलत नाहीत. मला याचाच राग येतो. माणूस दहादा बरोबर निघाला की अकराव्यांदा त्याला कुणी विचारतच नाही.

शिवाय त्यांची सगळी हत्यारं माझ्या स्वयंपाकघरातून जातात. सुटे केलेले नट-बोल्ट मांडायला माझं सूप लागतं. कार्बोरेटरच्या बारीक भोकातली घाण काढायला माझी सुई. काजळलेला प्लग भाजायला माझी शेगडी, पेट्रोल गाळायला माझी चहाची गाळणी. ती गाळणी मी तीनदा धुतली, तरी चहा प्यायल्यावर घरातल्या कुणाला बिडी पेटवायची भीती वाटत होती. नवऱ्याजवळ तक्रार केली तर तो म्हणाला, ‘दादा सातवी शिकलेत, त्यांना कळतं.’ मी चौथी शिकले, म्हणून मला माझी गाळणीसुद्धा कळू नये!

आता यंदाचं सांगते. कर्नाळ्याच्या बाजूला ओढ्याकाठी आमचा एक तुकडा आहे. तिथे मी वांगी लावते. माझ्या आईच्या घरची, हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी. तसं बियाणं बाजारात मिळत नाही. गेल्या वर्षी किडीनं खाल्ली, त्यामुळे मूठभर बी उरलं होतं, ते मी सगळं पेरलं. पुडी रिकामी झाली. ही रोपं जगली तर पुढचं बी, नाहीतर आईचं वांगं संपलं.

पावसाळाभर इंजिन पडवीत गोणपाटाखाली होतं. दसऱ्याला थोरल्या दिरांनी ते पुसलं, हार घातला, हळद-कुंकू लावून पूजा केली. दिवाळीनंतर रोपं लावली आणि इंजिन ओढ्यावर नेलं. दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. पाइपातून पाणी धो धो आलं. पहिला वाफा भरला, दुसरा भरत आला आणि इंजिनाचा आवाज बारीक झाला. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बारा मिनिटं चाललं असेल.

थोरले दीर आले. प्लग काढला, घासला, टाकीचं टोपण उघडून पेट्रोल पाहिलं, पुन्हा लावलं. इंजिन सुरू झालं. ‘झाली बाय बरी,’ म्हणाले. बारा मिनिटांनी पुन्हा खोकलं. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर खोलला. तिसऱ्या दिवशी पेट्रोल बदललं. चौथ्या दिवशी हवेची जाळी धुतली. दर वेळी बारा मिनिटं, दर वेळी ‘झाली बरी’. आणि घरी जाताना प्लग काढून खिशात घालायचे, त्यांच्यामागे कुणी इंजिनाला हात लावू नये म्हणून! मी हंड्यानं पाणी घालत होते. हंड्यानं किती वाफे भिजणार? कडेच्या रोपांनी माना टाकल्या.

मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ते टोपण उघडायचे तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज यायचा, आणि टोपण उघडून लावलं की इंजिन चालायचं. घरात तेलाचा डबा फोडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. एकच भोक पाडलं तर तेल थोडं येतं आणि अडतं. वारा आत जायला दुसरं भोक लागतं. इंजिनाच्या टोपणालाही तसं भोक असणार आणि ते बुजलं असणार. रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, ‘टोपणाचं सांगा ना त्यांना.’

‘दादाला मी इंजिन शिकवू?’

‘मग मी सांगू?’

‘तू कशी सांगशील?’ असं म्हणून त्याने आणखी भात मागितला. रागानं मी भाताबरोबर आमटी वाढलीच नाही.

पाचव्या दिवशी नवरा टेम्पो घेऊन पनवेलला गेला होता. बांधावर आम्ही दोघंच. शेळीसुद्धा नव्हती. थोरल्या दिरांनी इंजिन सुरू केलं आणि पाठ करून तंबाखू मळत बसले. मी मनात मोजत होते. आवाज बारीक झाला. ते तंबाखू मळतच राहिले. इंजिन खोकलं. एवढं मोठ्यानं खोकलं, पण त्यांनी मान वळवली नाही. ज्या माणसानं मंगलाष्टकांतून पिष्टन ऐकला होता, त्याला चार पावलांवरचं काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हल्ली ते इंजिनाच्या अंगावर सारखा हात का ठेवतात.

पण रोपं मरत होती. मी धावले आणि टोपण फिरवलं. फुस्स! इंजिनानं दम घेतला आणि पुन्हा जोरात चालू लागलं. इतक्यात त्यांनी वळून पाहिलं.

‘टोपनाला हात कोन लावतंय?’ ते ओढ्याकडे बघून ओरडले.

मी टोपण उलटं करून त्यांच्यापुढे धरलं. मग सुलटं केलं. वर मधोमध कुंकवाचा जाड खडा बसला होता. कोरडं कुंकू उडतं म्हणून दसऱ्याला त्यांनी ते तुपात कालवून लावलं होतं, बरोबर भोकावर. त्यांनी खिशातून माझी सुई काढली, भोक मोकळं केलं, टोपण लावलं. इंजिन चालत राहिलं. तिसरा वाफा भरला, चौथा भरला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

‘कदी कळला तुला?’

‘दुसऱ्या दिवशी,’ मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं.

‘मंग बोलली का नाय?’

‘कोनाला बोलू? हे टेम्पोवर नि शेळी घरी व्हती.’

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. हात टाकीवर ठेवून म्हणाले, ‘मला ती फुस्स ऐकूच आली नाय गो.’ पाच दिवसांचा माझा राग मी तोंडात धरून ठेवला होता. तो तसाच गिळला.

रोपं जगली. कडेची थोडी गेली. पहिली वांगी मी बियाणाला झाडावरच ठेवली आहेत. थोरले दीर अजूनही रोज सकाळी ओढ्यावर येतात, इंजिनावर हात ठेवतात आणि मला विचारतात, ‘काय म्हनते बाय?’ मी म्हणते, ‘बरी हाय.’ मग त्यांना काही कामच उरत नाही. ते बांधावर बसून राहतात, हात मांडीवर ठेवून. ते मला बघवत नाही. म्हणून आठवड्यातून एखाद्या दिवशी, इंजिन चांगलं चालत असताना, सगळे वाफे भरून झाले की मी म्हणते, ‘भावोजी, आज जरा खोकते वाटतं.’ ते लगेच उठतात आणि बाह्या सरसावतात. मी सूप आणि गाळणी आणायला जाते.